एकाच बाईचे तीन साक्षीदार

आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी घरातली सगळी माणसे तिच्या आठवणीत एकत्र जमायची होती आणि तिच्या छायाचित्राखाली ठेवायचा दहा-बारा ओळींचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. घरात मी लिहिणारी म्हणून ओळखली जाते, त्यामुळे कुणी मला विचारले नाही, सगळ्यांनी ते गृहीतच धरले. मी रात्री उशिरापर्यंत बसून मजकूर लिहिला, दोनदा वाचला आणि कागद टेबलावर ठेवून झोपले. सकाळी पाहते तर त्यातले एक वाक्य पेन्सिलीने खोडलेले होते. ‘तिच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने घर सावध होत असे’ असे ते वाक्य होते. खोडणारी माझी मुलगी होती. विचारल्यावर तिने मान वर न करता सांगितले, “आजी अशी नव्हतीच. तू दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलं आहेस.” तिच्या बोलण्यात तक्रार असती तर मी वाद घातला असता. ती फक्त माहिती देत होती, एखाद्याने पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावे तशी, आणि म्हणूनच ते मला पुढे बरेच दिवस टोचत राहिले.

मी ज्या आईच्या हाताखाली वाढले ती उंच, ताठ पाठीची आणि सदैव घाईत असलेली बाई होती. भिंतीवरचे घड्याळ तिने मुद्दाम दहा मिनिटे पुढे लावलेले असे आणि ते पुढे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असूनही त्याचा धाक कमी होत नसे. अंगात ताप आहे का हे पाहताना ती हाताची मागची बाजू कपाळावर टेकवायची, कारण तळहात कामाने राठ झाला आहे आणि त्याला आता काही कळत नाही, असे तिचे म्हणणे होते. आवाज चढवण्याची तिला गरजच पडत नसे. ती माझे पूर्ण नाव उच्चारायची आणि तेवढे पुरायचे. हिशेबाच्या वहीत तिचे अक्षर उजवीकडे झुकलेले आणि इतके दाटीवाटीचे असे की दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ मावावी. शाळेतून आलेली उत्तरपत्रिका हातात घेतली की तिची नजर आधी चुकांवर जायची आणि गुण शेवटी पाहिले जायचे. कौतुक ती माझ्या पाठीमागे करायची, दुसऱ्यांपाशी, आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंत पोहोचायला कधीकधी वर्षे लागायची. तिला माया नव्हती असे मी म्हणणार नाही. तिची माया कामाच्या रूपाने यायची आणि कामासारखीच ती वेळेवर, चोख आणि न बोलता पार पडायची.

माझ्या मुलीला भेटलेली बाई मात्र ठेंगणी होती. वयाने पाठ वाकली होती, खांदे पुढे आले होते आणि घाई तर तिच्यातून कुठल्या कुठे निघून गेली होती. दुपारी नातीला गोष्ट सांगता सांगता ती स्वतःच झोपी जायची आणि जाग आल्यावर गोष्ट भलत्याच ठिकाणापासून पुढे चालू करायची, राजाच्या जागी अस्वल आलेले असायचे आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणाचीच हरकत नसायची. नातीने भिंतीवर काढलेली चित्रे ती पुसू द्यायची नाही. पत्त्यांचा डाव मांडला की हा फरक सर्वांत जास्त दिसायचा. माझ्याशी खेळताना आईने मला मुद्दाम कधीही जिंकू दिले नाही. मी रडकुंडीला आले तरी ती पुढचा डाव पिसायला घ्यायची. नातीशी खेळताना ती सर्रास लबाडी करायची, आणि तीही हरण्यासाठी. हुकमाचा एक्का मांडीखाली सरकवताना मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझी नजर पडली तेव्हा ती ओशाळली नाही की हसली नाही. या प्रकरणाशी तुझा काही संबंध नाही, असा तिचा चेहरा होता.

मला तेव्हा राग आला होता, की हेवा वाटला होता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आजीवर जबाबदारी नसते म्हणून ती मवाळ होते, असे उत्तर सगळेच देतात. मला ते पुरे वाटत नाही. आजी बिनकामाची असते हेच मुळात खरे नसावे. टांझानियातल्या हाड्झा लोकांमध्ये क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथल्या वयस्क बायका जमिनीत खोल गेलेले कंद उकरून काढण्यासाठी तासन्‌तास राबत असत, आणि घरात नवे बाळ आले की आईपासून जरा दूर सारल्या गेलेल्या थोरल्या मुलाचे वाढणे आजीच्या त्या राबण्याशी जोडलेले असे. स्त्रीचे आयुष्य मूल होण्याचे वय सरल्यानंतरही इतकी वर्षे का चालू राहते, याचे एक कारण या आज्यांच्या कष्टांत असावे, असा विचार त्यांनी १९९० च्या दशकात मांडला. मी हे आईला एकदा वाचून दाखवले होते. तिने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, “म्हातारपणीही बाईची सुटका नाही, हे शोधायला यांना इतक्या लांब जावं लागलं?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ती मवाळ झाली याचे मला सुचणारे कारण वेगळे आहे. माझ्या लहानपणी ती घाबरलेली होती. मी पडेन, बिघडेन, मागे राहीन आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल ही भीती तिच्या त्या पुढे लावलेल्या घड्याळात होती, माझ्या पूर्ण नावाच्या उच्चारात होती. नात झाली तेव्हा ती भीती माझ्याकडे आली होती. घड्याळ पुढे लावणारी आता मी होते आणि तिचे हात मोकळे झाले होते.

तरीही मुलीने खोडलेल्या वाक्याचा निकाल त्याने लागत नव्हता. तिच्याजवळ तिच्या साक्षीचा पुरावा होता, माझ्याजवळ माझ्या, आणि दोन्ही पुरावे एकाच बाईविषयी होते. मग माझ्या लक्षात येऊ लागले की माझा पुरावाही सुरुवातीपासूनचा नाही. मोठ्या माणसांना स्वतःच्या आयुष्यातले साधारण पहिल्या तीन-साडेतीन वर्षांचे काहीच आठवत नाही, ही गोष्ट सर्वांना परिचयाची आहे, पण तिचा आईशी काय संबंध आहे याचा मी कधी विचार केला नव्हता. एखादी आई मुलासाठी जे सर्वांत जास्त करते ते नेमके त्याच वर्षांत, आणि त्यातले काहीही मुलाच्या हाती उरत नाही. माझ्यासाठी जागलेल्या रात्री, माझ्या पहिल्या आजारपणात तिने काय केले, मी रडत राहिले तेव्हा ती काय गुणगुणली, हे सगळे फक्त तिला ठाऊक होते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली एक सुंदर प्रयोग केला होता. तीन दिवसांचीही न झालेली बाळे तोंडातली चोखणी कोणत्या लयीत चोखतात यावर त्यांना आईचा आवाज ऐकू येणार की दुसऱ्या बाईचा हे ठरत असे, आणि बाळे आपल्या चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मिळवत. म्हणजे तिचा आवाज मी ओळखत होते, तो मिळवण्यासाठी धडपडतही असेन, पण त्या ओळखीची मलाच ओळख उरली नाही. ती गेली तेव्हा माझ्या आयुष्याची पहिली तीन वर्षे पाहिलेला सर्वांत जवळचा डोळा मिटला. आईचे जाणे म्हणजे आईला गमावणे एवढेच मी धरून चालले होते. स्वतःचाही एक तुकडा त्यात जातो, हे आधी कुणी सांगितले नव्हते.

याच्या उलट एक गोष्ट आहे आणि ती आठवली की मला जरा बरे वाटते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात तिची बीजे तयार होतात. गर्भाच्या साधारण विसाव्या आठवड्याला ती सर्वांत जास्त, म्हणजे ६० ते ७० लाखांच्या घरात असतात, आणि मग कमी होत जातात. जन्माच्या वेळी त्यांतली १० ते २० लाख उरतात. याचा अर्थ माझी मुलगी ज्या बीजातून आली ते माझ्यासोबत आईच्या पोटात होते. ती जिने चढत होती, रांगेत उभी राहत होती, हिशेबाची वही मांडीवर घेऊन दाटीवाटीने आकडे लिहीत होती, तेव्हा ती तिच्या लेकीबरोबर नातीचा अर्धा भागही अंगावर वागवत होती. आई होण्याचे आणि आजी होण्याचे काम तिच्या शरीराने एकदमच सुरू केले होते, आम्ही मात्र त्यांत पंचवीस-तीस वर्षांचे अंतर आहे असे समजत होतो. मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने पेन्सिल चावत विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे मी तिला तुझ्याइतकीच आधीपासून ओळखते.” वकील व्हावे असे तिचे डोके आहे.

शेवटच्या महिन्यांत आई खूप बोलू लागली होती. आयुष्यभर मोजून शब्द वापरणारी बाई अचानक सैल झाली, आणि मला वाटले की आता ती माझ्याबद्दल काहीतरी बोलेल, जे तिने आजवर दुसऱ्यांपाशीच बोलून ठेवले होते. ती बोलली ते एका लाकडी जिन्याबद्दल, ज्याची चौथी पायरी वाजत असे. ती बोलली कुणा मैत्रिणीबद्दल, जिचे केस हिच्यापेक्षा लांब होते आणि ते हिला सहन होत नसे. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा गेला त्याबद्दल बोलली. मला ती अनेकदा मावशीच्या नावाने हाक मारायची आणि मी ती हाक दुरुस्त करायचे सोडून दिले होते. त्या सगळ्या गोष्टींत मी कुठेच नव्हते. माझे बाबा नव्हते, माझा दादा नव्हता, जिच्यासाठी ती पत्ते लपवायची ती नातही नव्हती. उशाशी बसून औषधाच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला हे लागल्याशिवाय राहत नाही. पुढे वाचनात आले की चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्य आठवायला सांगितले तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळाच्या मानाने फार जास्त येतात, आणि हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. कारण कळल्यामुळे लागलेले बोचायचे थांबत नाही, पण ते आपल्याविरुद्ध नव्हते एवढे कळते.

आणि मग मावशी आली.

सगळे जमले त्या दिवशी छायाचित्राखाली माझा मजकूर होता. खोडलेले वाक्य मी पुन्हा लिहिले होते आणि त्याच्या खाली मुलीने तिच्या अक्षरात ‘आजी कधीच रागवायची नाही’ असे लिहिले होते. मावशीने चष्मा बदलून ते सावकाश वाचले. ती आईहून पुष्कळ लहान, आणि आईला जन्मभर ताई म्हणत आलेली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “दोन्ही खोटं नाही. पण यात माझी ताई कुठे आहे?” आम्ही गप्प राहिलो. मग तिने जे सांगितले ते ऐकताना मला खोलीतली खुर्ची धरून बसावेसे वाटले. आई उत्तम शीळ घालायची. साधी नव्हे, दोन बोटे जिभेखाली घालून, तीन घरे ओलांडून जाईल अशी. धाकट्या बहिणीला संध्याकाळी घरी बोलावण्यासाठी ती हाक मारत नसे, शीळ घालत असे, आणि मावशी खेळ टाकून धावत येत असे. मुलीच्या जातीला हे शोभत नाही असे मोठ्यांनी सांगितल्यावर तिने ती घरात बंद केली आणि गच्चीवर चालू ठेवली. लग्नानंतर ती पूर्ण थांबली. का थांबली हे मावशीने विचारले होते, तेव्हा आईने उत्तर दिले की आता बोलवायला कुणी नाही.

मी तिची मुलगी, इतकी वर्षे तिच्या सोबत राहिलेली, आणि मी तिची शीळ कधी ऐकली नव्हती. मी तसे म्हणालेही. तेव्हा माझ्या मुलीने दोन बोटे तोंडात घातली आणि भरल्या घरात अशी शीळ घातली की लहान मुले कान झाकून हसू लागली. ती शीळ घालते हे मला ठाऊक होते. मैत्रिणींकडून उचलली असेल म्हणून मी तिला त्यावरून एकदोनदा दटावलेही होते. ती आजीने शिकवली होती. मी कामावर गेल्यावर दुपारी, दारे लावून, दात कमी झाल्यामुळे स्वतःला नीट जमत नसतानाही, जीभ कशी दुमडायची आणि वारा कुठून सोडायचा हे ती नातीला दाखवत बसायची, आणि ‘हे आपल्या दोघींत’ असे तिने नातीला बजावले होते. माझे दटावणे ऐकून दोघी आतल्या खोलीत काय हसल्या असतील, हा विचार मनात आला की मला अजूनही आधी हसू येते आणि मग दुसरे काहीतरी. मधल्या माणसाच्या डोक्यावरून काही गोष्टी निघून जातात. मी तिच्यासाठी बहुधा त्या मोठ्या माणसांपैकीच एक झाले होते, ज्यांच्यापासून गच्चीवर जाऊन शीळ घालावी लागते.

लोक विचारतात की सावरलीस का. मी हो म्हणते, आणि एका अर्थाने ते पहिल्या दिवसापासून खरे होते, जे मी कुणाला सांगितले नाही. ती गेली त्या रात्री मी गाढ झोपले. कितीतरी काळ उशाशी ठेवलेला फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवला, कारण आता अवेळी वाजण्याचे त्याला काही कारण उरले नव्हते. त्या झोपेची मला शरम वाटत असे, ती फ्रॉइडबद्दल वाचेपर्यंत. सिग्मंड फ्रॉइड यांची आई १९३० साली वयाच्या ९५ व्या वर्षी गेली, तेव्हा ते स्वतः ७४ वर्षांचे आणि आजारी होते. ते अंत्यविधीला गेले नाहीत. त्यांनी आपल्या मुलीला पाठवले. दुःखापेक्षा मोकळेपणा जाणवतो आहे असे त्यांनी पत्रात लिहिले, कारण आपल्या मरणाची बातमी आईला ऐकावी लागेल या विचाराची त्यांना सतत धास्ती असे. १९१७ साली याच माणसाने लिहिले होते की गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम असते, आणि १९२० साली त्यांची मुलगी सोफी गेल्यानंतर नऊ वर्षांनीही ते मित्राला कळवत होते की ती जागा भरत नाही आणि ती भरू नये हेच बरे. तीन गोष्टी, तिन्ही एकाच माणसाच्या, आणि मला त्यांत विसंगती दिसत नाही. माझी गाढ झोप, मुलीने पेन्सिलीने काढलेली रेघ आणि आईचा फोन क्रमांक अजून न पुसलेला माझा फोन, हे सगळे एकाच घरात नांदते.

मला चिंता आहे ती वेगळ्याच गोष्टीची. २००० साली करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की पक्की बसलेली आठवणही पुन्हा जागी केली की काही काळ कच्ची होते आणि तिला नव्याने बसावे लागते. माणसाच्या साऱ्या आठवणींना हे तसेच्या तसे लागू करता येणार नाही, पण घरात जे चालले आहे ते मला दिसते. मी मजकूर लिहिला तेव्हापासून माझी आई त्या दहा-बारा ओळींसारखी दिसू लागली आहे. पावलांचा आवाज मी इतक्यांदा सांगितला की तो आता मोठा झाला आहे, आणि हाताची मागची बाजू कपाळाला लागायची तेव्हा ती थंड असायची की कोमट, हे मात्र मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मुलीची आजी तर कधीच रागावत नाही असे आता घरात ठरूनच गेले आहे. फोनमध्ये आईचा एक ध्वनिसंदेश आहे, त्यात ती एवढेच म्हणते की पोचलीस की कळव, आणि मागे कुणीतरी भांडे खाली ठेवल्याचा आवाज येतो. तो मी वरचेवर ऐकत नाही. तिथे ती कुणी सांगितलेली नाही, आमच्यापैकी कुणाची बाजू घेत नाही, आणि तेवढे एक ठिकाण तसेच राहावे असे मला वाटते.

बाकी सगळ्यासाठी मी मावशीला फोन करते. आईचे जे आयुष्य आमच्या आधीचे आहे त्याची जिवंत साक्षीदार आता तीच एक उरली आहे आणि हे तिलाही कळून चुकले आहे, त्यामुळे ती भाव खाते. मी प्रश्न लिहून ठेवते: जिना कुठल्या घराचा होता, लांब केसांच्या मैत्रिणीचे पुढे काय झाले, आईला कशाची भीती वाटायची, ती बाबांना पहिल्यांदा भेटली तेव्हा घरी येऊन काय बोलली. काही उत्तरे येतात, काही ती पुढे ढकलते, काहींवर ती अशा सहजतेने थाप मारते की ती थाप आहे हे मला दुसऱ्या दिवशी उमगते. परवा मी विचारले की ताई तुझ्याशी पत्ते खेळायची तेव्हा तुला जिंकू द्यायची का. पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग मावशी म्हणाली, “ताई? ताईला पत्ते मी शिकवले. आणि आता ठेव, माझी मालिका सुरू झाली.”